दोरीच्या आतलं बाकडं

मी, कारखान्यातून निवृत्त झालेला सुतार, सगळी आळी ज्याला रंधाकाका म्हणते तो, डोकं शाबूत असताना आणि कुणीही मानगुटीवर बसलेलं नसताना हे लिहून ठेवतो. वकिलाने एक मसुदा दिला होता. त्यात मी कुठे सापडेना, म्हणून फिरून लिहिलं.

राहतं घर सुनेला. मुलाने तोंड पाडू नये. तो घर बिल्डरला द्यायला टपलाय आणि कामगारांच्या हॉलची मागची भिंत याच घराला टेकून उभी आहे. घर पाडलं की हॉल बसला. सूनबाई दर रविवारी तिथे भिंती खरवडायला जाते, तिला हे समजवावं लागत नाही. माझ्या माघारी घर पाडायचं नाही.

बँकेत असेल ते मुलाला. त्याचा राग त्यात भागावा.

हत्यारांची पेटी हॉल दुरुस्ती मंडळाला, पण अट आहे. मंडळी फुकट राबतात, नाही म्हणत नाही. छप्पर केलं, बाकडी घासून चकचकीत केली. मग काय सुचलं देव जाणे, बाकड्यांभोवती दोरी बांधली आणि पाटी लावली, ‘बसू नये’. ती बाकडी आम्ही पाळी सुटल्यावर उरल्यासुरल्या फळ्यांतून केली होती. दिवसभर उभं राहून पाय भरून यायचे म्हणून.

परवा मी जरा टेकलो, तर मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे माझा सख्खा मेहुणा, धावत आला.

"दाजी, उठा बरं. पॉलिश जाईल."

"अरे, हे बाकडं मीच केलंय."

"म्हणून तर जपतोय ना."

"मग मलाही पॉलिश कर आणि बांध दोरी."

हसला. दोरी तशीच.

तर अट ही, की दोरी निघेल आणि लोक बसतील त्या दिवशी पेटी न्यावी. तोवर ती सुनेकडे, माळ्यावर. मेहुण्याला माझी धारेची सुरी मात्र लगेच द्यावी. कशाला, ते त्याला कळेल.

शोकसभा घ्यायचीच तर हॉलमध्ये घ्या. भाषणं आखूड. सगळ्यांनी बसून ऐकायचं. उभ्याने उरकणार असाल तर घेऊच नका.

यापूर्वी काही लिहिलं असेल तर ते रद्द.

साक्षीदार : गल्लीतला नळवाला आणि शेजारची शिंपीणबाई. मी त्यांच्यादेखत सही केली, त्यांनी माझ्यादेखत. आधी दोघंही दोरी ओलांडेनात.

सही : रंधाकाका

तारीख : १९ नोव्हेंबर

ठिकाण : कामगारांचा हॉल, पुढून दुसरं बाकडं. तिघंही बसून.