सदर यंत्र परत घेण्यात यावे

श्रीयुत थोरले साडूभाऊ यांच्या सेवेशी धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात घातलेला, तरी पोचला असं समजावं).

तुमची प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो. ताईंच्या मानेचा पट्टा निघाला का? तुमच्या खोकल्याची चौकशी करत नाही, कारण तो फोनवर ऐकू येतो. आम्ही इकडे खुशाल आहोत. म्हणजे तुमची मेव्हणी खुशाल आहे आणि मी उभा आहे. हे पत्र मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितोय, कारण सकाळपासून मला बसवत नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की खिडकीशी जावंसं वाटतं, आणि खिडकीशी गेलो की आपण इथं कशाला आलो ते आठवत नाही. नळ तीनदा बंद करून आलो. तो चालू नव्हताच. बातमी खरं तर आनंदाची आहे. ग्राहक मंचातला खटला मी जिंकलो. परवा, शुक्रवारी दुपारी, कंपनीचा माणूस येऊन माझं काळं गेमचं मशीन उचलून नेणार. अभिनंदनाचा फोन मात्र करू नका. तुमच्या मेव्हणीला फोन स्पीकरवर ठेवायची सवय आहे, आणि तुम्हाला मोठ्यानं हसायची.

आता मुळापासून सांगतो. मूळ तुम्ही. जन्मभर कोर्टाच्या आवाराबाहेर पत्र्याखाली बसून टाइपरायटरवर लोकांचे अर्ज बडवणारा माणूस सहासष्टाव्या वर्षी पांढरं गेमचं मशीन घेतो, आमच्यादेखत फुटबॉलचे दोन गोल मारतो, आणि ताई म्हणतात, 'यांचे हात बघ किती मोकळे झालेत!' परतीच्या बसमध्ये तुमची मेव्हणी चकार शब्द बोलली नाही. तुम्हीही साडूच आहात, त्या शांततेचा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको. आठ दिवसांत आमच्याकडे काळं आलं. (ईर्षेनं आणलं असं तुम्ही म्हणत फिरता ते साफ चूक आहे. मी अभ्यास केला होता. तुम्ही दूध आणायला गेलात तेव्हा तुमचं पांढरं मी ताईंच्या काट्यावर तोलून पाहिलं होतं. माझं सहाशे ग्रॅमनं जड आहे. शिवाय तुमच्या मशीनचा पंखा सुरू झाला की शेजारी पिठाची गिरणी असल्यासारखं वाटतं, हे त्या दिवशी पाहुणा म्हणून बोललो नाही.) बरं, तुमची खेळाची तबकडी माझ्यात चालत नाही, माझी तुमच्यात चालत नाही. माझ्या वजनमापं तपासायच्या नोकरीत एखादा वाणी म्हणाला असता की साहेब, हा तराजू फक्त याच दुकानातली वजनं ओळखतो, तर मी तो तराजू तिथल्या तिथं जप्त केला असता. इथं त्याला स्पर्धा म्हणतात, आणि त्या स्पर्धेत भांडतो कोण, तर तुम्ही आणि मी.

असो. मशीन टीव्हीला जोडलं आणि पहिल्याच पडद्यावर करारनामा आला. चौऱ्याहत्तर पानं, आणि खाली एकच बटण: मान्य. अमान्यचं बटण मी रिमोट उलटासुलटा करूनही शोधलं. एकतीस वर्षं वजनमापं तपासलेल्या माणसाला न वाचता काही मान्य करता येत नाही, म्हणून वाचायला बसलो. तीन दिवस लागले. मध्येच चष्मा पुसायला थांबलो की मशीनला झोप लागायची, आणि जागं केलं की पुन्हा पहिलं पान. (तुमची मेव्हणी तीन दिवस तिच्या मालिकेला मुकली. नेमक्या त्याच तीन दिवसांत मालिकेतली सासू वारली, आणि त्याचा ठपका अजून माझ्यावर आहे.) एकसष्टाव्या पानावर लिहिलंय की मशीन माझं, पण त्याच्या आत जे चालतं ते कंपनीचं, मला फक्त वापरायची परवानगी. म्हणजे पातेलं माझं, दूध डेअरीचं, आणि मी पितो ती त्यांची मेहरबानी! शेवटी डोळे मिटून मान्य दाबलं.

खरी गंमत पुढंच आहे. खोक्यावर ठळक छापलंय, जागा एक हजार जीबी. (जागा म्हणजे खेळ साठवायची कोठी. तुम्ही पांढऱ्याचं खोकं न वाचताच फाडलंत, म्हणून सांगतो.) पडद्यावर मोजली तर भरली आठशे दोन. एकशे अठ्ठ्याण्णव गेले कुठं? ग्राहकसेवेला फोन लावला. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, तेवढी जागा मशीनला स्वतःसाठी लागते. मी विचारलं, बाई, साखर तोलताना पारड्यावर अंगठा ठेवणाऱ्या वाण्यालाही तो अंगठा स्वतःसाठीच लागतो, म्हणून मी त्याला सोडून द्यायचं का? त्यावर त्या म्हणाल्या, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि गाणं लावून निघून गेल्या. ते गाणं मी बावीस मिनिटं ऐकलं. हल्ली दाढी करताना तेच तोंडात येतं.

त्याच दुपारी अकरा पानी तक्रार लिहिली. तुमच्याकडून लिहून घ्यायला हवी होती, कबूल. पण तुम्ही पडलात पांढऱ्याचे. रागाच्या भरात स्वतःच लिहिली, आणि त्यात दोन वाक्यं घालून बसलो. एक, 'सदर यंत्र परत घेण्यात यावे', खाली दोन रेघा. दुसरं शपथपत्रात, 'सदर यंत्र निरुपयोगी असून अर्जदार त्याचा वापर करत नाही.' ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी ते अक्षरशः खरं होतं. (थांबा, कुकरची शिट्टी झाली. नाही, शेजारच्यांची होती.)

तक्रारीची एक प्रत लेकीला पाठवली. ती दूर राहायला गेल्यापासून आमचं फोनवरचं बोलणं दीड मिनिटाचं, हे तुम्ही जाणता. जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. मग आईला द्या. दोष माझाच आहे. फोन कानाला लावला की माझ्यातला निरीक्षक जागा होतो आणि मी तपासणीला लागतो: पगार वाढला का, विमा भरला का, भाड्याची पावती घेतेस ना. तर त्या पोरीनं ती अकरा पानं वाचून काय करावं? तसंच काळं मशीन विकत घेतलं, जागा मोजली आणि पडद्याचा फोटो धाडला. 'बाबा, इथंही आठशे दोनच.' माझी साक्षीदार म्हणून घेतलं हो तिनं! तो फोटो मी त्याच दिवशी छापून आणला आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावला.

मशीनबरोबर नाव वल्हवायचा एक खेळ फुकट होता. एक वल्हं तिच्याकडे, एक माझ्याकडे, ती तिकडं आपल्या घरी आणि मी इकडं. दोघांनी एका वेळी मारलं तर नाव सरळ जाते, नाहीतर जागच्या जागी गोल. मी निव्वळ तपासणीसाठी सुरू केला. पहिले चार दिवस आम्ही गोल फिरलो. (तुमच्या पांढऱ्यात हा खेळ मिळत नाही, कंपनीनं तो काळ्यापुरता बांधून ठेवलाय. हा ग्राहकावरचा धडधडीत अन्याय मी मंचापुढे मांडणार होतो, पण ऐनवेळी विसरलो.) मग रोज चार ते सहा असा नेम पडला. माझ्या कानाला हेडफोन, त्यामुळे तुमच्या मेव्हणीला दोन तास फक्त 'डावीकडे मार, अगं डावीकडे' एवढंच ऐकू येतं. तिला वाटतं मला खटल्याचा ताण आलाय. खेळातल्या तिसऱ्या नदीत, खडकांच्या अलीकडे, लेक वल्हवता वल्हवता म्हणाली की तिची नोकरी जाऊन चार महिने झाले. फोनवर तिनं हे कधीच सांगितलं नसतं, कारण मी पुढचे सतरा प्रश्न विचारले असते. इथं दोघांचे हात गुंतलेले, तोंडं दिसत नाहीत, आणि खडक जवळ येतोय. मी म्हणालो, 'डावीकडे मार.' ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग पुन्हा हसली, आणि नाव गेली खडकावर. त्यानंतर आम्ही आणखी चार नद्या पार केल्या. आता आठवीत आहोत. ती रोज बोलते. मीही बोलतो, तुम्हाला खरं वाटणार नाही.

सुनावणीला मी माझं जुनं पितळी लिटरचं माप घेऊन गेलो. बेत असा की मापाच्या तळाशी दगड ठेवायचा, काठोकाठ पाणी भरायचं, आणि ते दुसऱ्या मापात ओतून किती कमी भरतं ते दाखवायचं. ओतताना पाण्याआधी दगड घसरला. पाणी टेबलावर, टेबलावरून माझ्याच फाइलवर. अध्यक्षबाईंनी शिपायाला फाइल पंख्याखाली धरायला सांगितली आणि मुद्दा पोचला म्हणाल्या. मग कंपनीच्या वकिलानं एक कागद काढला. साडूभाऊ, हे मशीन आतल्या आत तास मोजतं! दोनशे बारा तास, बहुतेक सगळे चार ते सहा. अर्जदार तर वापर करत नाही म्हणतो! मी म्हणालो, तपासणीसाठी. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं, निवृत्त निरीक्षक आहेत, तपासलं असेल म्हणाल्या, आणि मी मागितलं होतं तेच मला दिलं. एकतीस वर्षं लोकांची खोटी मापं पकडली, आणि त्या दिवशी भर मंचात खोटं माप मी स्वतः देऊन आलो. लाज वाटली. अजून वाटते.

तर असा हा विजय. न्याय मिळाला, आनंद आहे. तुम्ही तब्येतीला जपा, ताईंना नमस्कार सांगा, आणि गोल जरा बेतानं मारा.

आपला,
धाकटा साडू

ता. क. हे पत्र तुमची मेव्हणी उद्या ताईंकडे येतेय तिच्याच पिशवीतून धाडतोय. तिला लेकीच्या नोकरीचं अजून ठाऊक नाही (लेक म्हणते, मी स्वतः सांगेन), म्हणून पाकिटाला लाख लावून वर माझा जुना शिक्का मारलाय. लाख तुटलेली आढळल्यास कळवावे.

ता. क. २. तुम्ही दूध आणायला गेलात तेव्हा तुमच्या पांढऱ्याची जागाही मोजली होती. तीही कमीच आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून पाच महिने बोललो नाही. आज बोलतोय, कारण आज तुमच्याकडे काम आहे आणि आपण एका पातळीवर असलेलं बरं.

ता. क. ३. काम असं. आमची नाव माझ्या मशीनवर बांधलेली आहे. ते गेलं की आठही नद्या गेल्या. लेक म्हणते, हरकत नाही बाबा, दुसरं घ्या, पहिल्यापासून खेळू. पण दुसरं घ्यायला कुठल्या तोंडानं जाऊ? हे मशीन विकू नका असं मी बाजारातल्या तिन्ही दुकानांत लेखी देऊन आलोय, एकानं ते काचेवर चिकटवलंय. आणि नदी पहिल्यापासून सुरू करता येईल हो, पण तिसऱ्या नदीत ती जे बोलली ते पुन्हा पहिल्यापासून कसं बोलणार? मंचाचा शिपाई म्हणाला, अर्जदाराला निकाल नको असेल तर तसं लिहून द्यावं लागतं. मी जन्मात तक्रार मागं घेतलेली नाही, तो अर्ज कसा लिहितात मला येत नाही. तुम्ही जन्मभर लोकांचे लिहिलेत. एक माझा लिहा, आणि उद्या संध्याकाळी तिच्याच पिशवीतून परत धाडा. सही मी उभ्याउभ्या करीन. कारणाच्या रकान्यात काय घालायचं ते तुम्ही ठरवा. फक्त माप बरोबर भरलं असं लिहू नका. जागा कमीच आहे. आम्हा दोघांना पुरते, एवढंच.