शिंप्याने पाहिलेले सिनेमे

४ मार्च

तीर्थरूप बाबांस,

टाचणीचा साष्टांग नमस्कार, आणि तोही मोठ्या आवाजात. वि. वि. तुमचं पत्र परवा पोचलं. त्यात तुम्ही त्या नव्या सिनेमाची एवढी तारीफ केलीत की मी रविवारी तुमच्या जावयांना अक्षरशः ओढत घेऊन गेले. आता मला एक सांगा, आपण दोघांनी एकच सिनेमा पाहिला ना?

तुम्ही लिहिलंत, तपकिरी कोटातला तो माणूस म्हणजे नायिकेचा लहानपणी दुरावलेला भाऊ. तो कागद घेऊन येतो, घर बहिणीच्या नावावर करून देतो, ती आनंदाने रडते आणि शेवटी बॅग भरून त्याच्याबरोबर हवापालटाला जाते. बाबा, तो पोलीस इन्स्पेक्टर होता! साध्या वेशातला. कागद होता तो अटकेचा. बाईने नवऱ्याला औषधातून विष घातलं होतं, आणि बॅग भरून ती निघाली ती थेट तुरुंगात. त्याला हवापालट म्हणायला हरकत नाही म्हणा.

सिनेमा तसा बरा होता. माझं अर्धं लक्ष नायिकेच्या दातांवर होतं, ते तुम्ही समजून घ्याल. दिवसभर खोटे दात बनवणाऱ्या बाईला पडद्यावर दुसरं काय दिसणार! वरचे समोरचे दोन तिचे स्वतःचे नाहीत. विष कालवताना ती हसते तेव्हा सगळं थिएटर श्वास रोखून बसलं होतं आणि मी जावयांना सांगत होते की काम सुरेख आहे, पण रंग अर्धी छटा जास्त पांढरा लागलाय.

थट्टा पुरे. फोनवर गेली दोन वर्षं तुम्ही नुसतं बरं-बरं म्हणता, म्हणून तर आपण पत्रांवर आलो. पत्रं मला आवडतात, पण तुम्हाला ऐकू येत नाही हे मला आवडत नाही. कानाचे डॉक्टर तुमच्यापासून चार दुकानं सोडून बसतात. एकदा जाऊन या. पुढे तुम्ही मशीनवर आणि मागे घरात आई एकटी. तिला काही झालं आणि तिने हाक मारली तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

राग मानू नये, मानलाच तर पत्रातून कळवावा.

तुमची
टाचणी


१३ मार्च

चि. टाचणीस,

अनेक आशीर्वाद. तू टोचलंस, ते पोचलं.

इन्स्पेक्टर असेल तर असो. मग त्याने तसला कोट घालायला नको होता. खांद्याला एक सुरकुती नाही, बाही अशी बसलेली की हात वर केला तरी कोट जागचा हलत नाही. इतका चांगला शिवलेला कोट घालून माणूस वाईट बातमी घेऊन येईल असं मला तरी वाटलं नाही. त्या बाईने विष घातलं म्हणतेस, पण तिच्या ब्लाउजची इस्त्री बघितलीस का? इतकी नेटकी बाई आणि असं काम! तुझ्या सिनेमापेक्षा माझाच बरा होता.

या गुरुवारी दुकान बंद ठेवून लढाईचा पाहिला. फार गाजतोय म्हणे. मला नाही पटला. सेनापतीच्या अंगरख्याला सुरुवातीला पाच गुंड्या आहेत. तो घोड्यावरून पडतो, उठतो, तर सहा! पडल्याने गुंडी तुटते हे ठाऊक होतं, वाढते हे चाळीस वर्षांच्या धंद्यात मी कधी ऐकलं नाही. आणि यावर, ऐकलं नसेलच, असं लिहून पाठवू नकोस.

आता कानाचं. गिऱ्हाईक येऊन काय सांगणार? कंबरेत सैल ठेवा, एवढंच. ते त्याच्या पोटाकडे बघून कळतं. पण तू विचारलंसच तर खरं लिहितो. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या मास्तरांनी कानात यंत्र बसवलं होतं. पहिल्यांदा गिऱ्हाइकं त्यांच्याशी ओरडून बोलायला लागली, मग लहान मुलाशी बोलावं तशी सावकाश, मग हळूहळू यायचीच बंद झाली. कात्री तीच होती, हात तोच होता. मला ते दिवस आठवतात. यंत्र नको.

शिवाय सिनेमाला तुझी आई असतेच. दिवे गेले की ती जी माझ्या कानाशी लागते ती शेवटपर्यंत. सगळी गोष्ट सांगत असते. मी मान डोलावतो. पूर्वी तिला मध्यंतराआधीच डुलकी लागायची, आता एक गुरुवार चुकवू देत नाही. या वयात तिला सिनेमाची गोडी लागली याचंच मला कौतुक वाटतं. परवा तर गुडघ्याला पट्टी बांधलेली होती, कपाटाला आपटला म्हणे, तरी आलीच.

जावयांना आशीर्वाद. त्यांच्या निळ्या शर्टाची झिजलेली कॉलर उलटवून देईन, पाठवून दे.

आहे तसाच राहणारा,
बाबा


२२ मार्च

तीर्थरूप बाबांस,

नमस्कार. वि. वि. टेलिफोन तुम्ही उचलत नाही हे एका अर्थी बरंच झालं, आईशी मला निवांत बोलता आलं. तुमच्या गुंड्यांची खातरजमा करावी म्हणून मी तिला लढाईच्या सिनेमाची गोष्ट विचारली. तिला एक अक्षर सांगता येईना. घोड्याचा विषय काढला तर कुठला घोडा, म्हणाली. बाबा, त्या सिनेमात घोड्यांशिवाय दुसरं काही नाही असं मी ऐकते!

मग मी तिला धारेवर धरलं. थिएटरात बाबांच्या कानाशी लागून सांगतेस तरी काय, असं विचारलं. आधी नुसती हसली. मग म्हणाली की सुरुवातीला ती खरंच गोष्ट सांगायची. पण तुम्ही रडायच्या जागी हसायचात, तेव्हा तिच्या लक्षात आलं की तुमच्यापर्यंत काही पोचत नाही. एके दिवशी तिने गोष्ट सोडून दिली आणि स्वतःचं बोलायला लागली. सहा महिने झाले त्याला. तुम्ही समोर बघत असता, मध्ये बोलत नाही, चुका काढत नाही, वर मान डोलावता. एवढं बरं तुम्ही घरी कधी ऐकलं नाही, असं तिचं म्हणणं. हे ऐकून मी हसले, आणि तीही.

पण पुढचं ऐकून माझं हसू गेलं. तिचा गुडघा कपाटाला आपटलेला नाही. मागच्या ओट्यावर कपडे वाळत घालताना ती घसरून पडली होती. तुम्हाला हाका मारल्या, तुमचं मशीन चालू होतं. अर्ध्या तासाने भिंतीला धरून आपली आपण उठली. मला कळवलं नाही, मी काळजी करीन म्हणून. तुम्हाला त्याच गुरुवारी अंधारात सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत आणि छान जमलंय म्हणालात.

तुम्ही पडद्यावरच्या कुठल्यातरी कोटाला म्हणाला असाल, हे तिलाही कळतं. तिने तुम्हाला नाव ठेवलं नाही. मीच ठेवतेय. बाबा, मास्तरांची गिऱ्हाइकं गेली असतील, पण आई तुमचं गिऱ्हाईक नाही.

यापेक्षा जास्त टोचायची माझी इच्छा नाही.

तुमची
टाचणी


६ एप्रिल

चि. टाचणीस,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. मला फार लाज वाटली. तुझ्या आईला काहीच न सांगता चार दुकानं ओलांडून डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी मला एका खोक्यासारख्या खोलीत बसवलं आणि शिट्टी ऐकू आली की बोट वर करायला सांगितलं. मी बराच वेळ बोट तयार ठेवून बसलो होतो. बाहेर आल्यावर कळलं, शिट्ट्या बऱ्याच होऊन गेल्या होत्या. आठवड्याने यंत्र मिळालं. बोटाच्या पेराहून लहान आहे. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाचा खिसा उसवलेला होता, तो तपासणीपासून मला छळत होता. यंत्र बसताच मी पहिलं वाक्य बोललो ते त्या खिशाबद्दल. कोट काढून घेतला आणि शिवून पाठवला.

कात्री कापड कापताना आवाज करते, हे मी विसरूनच गेलो होतो. माझं मशीन तर एवढं कुरकुरतं की शेजारपाजारचे इतकी वर्षं गप्प कसे राहिले कोण जाणे. तेल दिलं. दोन गिऱ्हाइकं कानाकडे बघून ओरडून बोलली, तर मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडून उत्तर दिलं. तेव्हापासून हळू बोलतात.

पण एक गोष्ट बिघडली. तुझी आई गप्प झाली. पडल्याचं विचारलं तर झालं गेलं म्हणते आणि भाजी निवडायला घेते. गुरुवारी सिनेमाला गेलो. दिवे गेले, मी कान तिच्या बाजूला करून बसलो. तिने हाताची घडी घातली आणि सबंध सिनेमा पाहिला! घरी येताना मलाच गोष्ट समजावून सांगत होती. काहीतरी जुळ्या भावांचं होतं. माझं लक्ष नव्हतं, कपड्यांकडेसुद्धा नव्हतं.

मला ऐकू येत नव्हतं तेव्हा ती सगळं बोलत होती. आता येतंय तर एक शब्द नाही. यावर डॉक्टरांकडे काही नसावं. तुझ्याकडे असेल तर कळव.

वाट पाहणारा,
बाबा


१२ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,

नमस्कार, आणि यावेळी अगदी हळू आवाजात. वि. वि. यंत्र बसवलंत, मला इतका आनंद झाला की प्रयोगशाळेत एका आजोबांच्या कवळीला एक दात जास्त लावून बसले. काढला नंतर.

आईचं म्हणाल तर त्यात नवल काय! इतके दिवस ती भिंतीशी बोलत होती. भिंतीने एकाएकी मान वळवून बोल म्हटलं तर कोणीही गप्प होईल. तुम्हीच आधी काहीतरी सांगा ना तिला. आणि हो, सिनेमा चांगला निवडू नका, ती बघत बसते. सध्या लागलेल्यांत सगळ्यात टुकार कोणता ते मी जावयांना विचारलं. या विषयात त्यांचा अभ्यास दांडगा आहे. त्यांनी नाव सुचवलंय ते सोबतच्या चिठ्ठीत आहे. स्वतः ते अर्ध्यातून उठून आले होते.

निळा शर्ट पाठवतेय. कॉलरवर प्रेम असू द्यावं, आमच्यावर तर आहेच.

तुमची
टाचणी


२० एप्रिल

चि. टाचणीस,

आशीर्वाद. जावयांना सांग, निवड अचूक. आम्हाला धरून नऊ माणसं होती. त्या सिनेमाबद्दल मात्र माझं मत मागू नकोस. पंधरा मिनिटांनंतर काय झालं ते मला माहीत नाही.

दिवे गेल्यावर मी तुझं ऐकलं आणि पडद्याकडे बघत सुरुवात केली. मला ऐकू येत नाही हे दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं, हे तिला सांगितलं. दुकान जाईल म्हणून भीत होतो, तेही सांगितलं. गिऱ्हाइकांना हो-हो म्हणून चकवता चकवता तिलाही चकवायला लागलो, आणि ते चुकलं, असं म्हणालो. इतकं बोलायची मला सवय नाही. तिने पदर सारखा केला. मध्यंतरात पाणी प्यायली. मला वाटलं, संपलं.

पुन्हा दिवे गेले आणि ती बोलायला लागली. सगळं तुला लिहीत नाही. त्यातलं निम्मं माझ्याबद्दल होतं आणि त्यातलं फारसं चांगलं नव्हतं. मी मान डोलावली नाही, नीट ऐकून घेतलं. दोन ठिकाणी तिची चूक होती, तरी बोललो नाही.

मग तिने पडल्याचं पहिल्यापासून सांगितलं. ओट्यावर पडल्या पडल्या तिला माझं मशीन ऐकू येत होतं. ते थांबलं की तिला वाटायचं, ऐकली हाक, आता येतील. मग ते पुन्हा सुरू व्हायचं. मी दोरा बदलायला थांबत असणार. 

किती हाका मारल्यास, असं मी विचारलं. मोजल्या नाहीत म्हणाली. मी म्हटलं, एक आत्ता मार. वेड लागलंय का, म्हणाली. मी कान तिच्या बाजूला केला. बऱ्याच वेळाने, पडद्यावर कोणीतरी कोणाचा तरी पाठलाग करत असताना, ती समोर बघत अगदी हळू अहो म्हणाली.

मी ओ दिली. जरा मोठ्यानेच दिली असावी, कारण मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी शूऽऽ म्हटलं. मला ते स्वच्छ ऐकू आलं, पण मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुझ्या आईला हसू आवरेना. थोड्या वेळाने तिने पुन्हा हाक मारली.

तुमच्या दोघांची खुशाली कळवत जा.

तुझा
बाबा