दोन सूर्यांवरचे फोटो

सोम., १ डिसें.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन यंदा आमच्या शाळेत, १८ आणि १९ तारखेला. आज त्याची मीटिंग. पाऊण तास मांडव, फेटे आणि सत्काराच्या शाली. विज्ञानाच्या वाट्याला मुख्याध्यापकांचं एक वाक्य आलं : "ते काय, मॅडम बघतील."

बघितलं. नववीतून अकरा नावं. त्यात सात ज्वालामुखी, सातही खायच्या सोड्याचे. सव्वीस वर्षं तोच सोडा, तोच लाल रंग, टेबलावरून वाहणारा तोच चिकट ओघळ. 

उरलेल्यांतही एकटी शीतल वेगळं बोलली. "मॅडम, दोन सूर्य असलेला ग्रह करू का? खरा हाय. मोबाईलवर बघितला." केप्लर-१६ बद्दल म्हणत होती. कर म्हटलं.

गुरु., ४ डिसें.

शीतलचे वडील बाजार समितीत मापाडी आहेत, कांदा तोलतात. मूळचे तिसगावकडचे. कामाला इकडे आले ते राहिलेच. आज शाळा सुटल्यावर लेकीला न्यायला आले तेव्हा मी तिला फळ्यावर समजावत होते. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात म्हणजे एक मध्ये बसतो आणि दुसरा त्याला फेऱ्या मारतो असं नाही. दोघंही फिरतात, दोघांच्या मधल्या एका बिंदूभोवती. त्या बिंदूवर काहीच नसतं. जड तारा बिंदूजवळ, म्हणून त्याचं रिंगण लहान. हलका लांब, त्याचं रिंगण मोठं. ग्रह दोघांच्या बाहेरून, चांगलं अंतर राखून. फार जवळ आला तर त्याचं काही खरं नाही.

वडील दारातच उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "तागडीचंच हाय की. जड माल दोरीजवळ धरायचा, हलका लांब. दांडी सरळ ऱ्हाती."

बी.एस्सी.ला मला हे कळायला आठवडा लागला होता. बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

सोम., ८ डिसें.

मॉडेल झालं. लाकडी पट्टी, तिच्याखाली सायकलचं बेअरिंग, फिरवायला हँडल आणि शिलाई मशीनचा पट्टा. एका टोकाला मोठा पिवळा दिवा, दुसऱ्या टोकाला छोटा लाल, दोन्ही सेलवरचे. पिवळा बेअरिंगपासून वीतभरही नाही, लाल पार लांब. बाहेरच्या तारेवर प्लास्टिकचा चेंडू, तो ग्रह. बापलेकीनं काल दिवसभर बसून नट कमी-जास्त करत तोल साधला. सगळं हाताच्या अंदाजाने. मी मागाहून आकडे मांडून पाहिले. जवळजवळ बरोबर.

खिडक्या लावून दिवे पेटवले. चेंडूवर टाचणी खोचली तर तिच्या दोन सावल्या पडल्या, दोन रंगांच्या. शीतल म्हणाली, "तिथल्या मान्सांना दोन दोन सावल्या आस्तील!" तिथे माणसं नाहीत, नुसता वायूचा गोळा आहे, हे सांगायचं जिवावर आलं.

हे जिल्ह्याला गेलंच पाहिजे. तालुक्यात पहिल्या येणाऱ्यांना जिल्ह्याच्या प्रदर्शनात मोठ्या दुर्बिणीतून आकाश दाखवणार, असं पत्रकात आहे. शीतलने ते पत्रक वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवलंय.

बुध., १० डिसें.

किळस. दुसरा शब्द नाही.

मु. अ. प्रयोगशाळेत आले, मॉडेल बघितलं आणि डोळे लकाकले. "मॅडम! दोन सूर्य! आपल्या संस्थेचे दोन सूर्य!"

संस्था दोन भावांची. थोरले साहेब अध्यक्ष, धाकटे साहेब सचिव. (यापुढे थो. आणि धा. पूर्ण नावं लिहायची इच्छा नाही.) अकरा वर्षं दोघांत अबोला. समोरासमोर बंगले, आणि एकाचा कागद दुसऱ्याकडे शिपाई नेतो. एकाने सही केली की दुसरा त्या कागदाला हात लावत नाही. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मात्र दोघंही येणार आहेत, कारण दुसरा एकटाच आला तर कसं चालेल.

तर मु. अ. ची कल्पना : पिवळ्या सूर्यावर थो. चा फोटो, लालवर धा. चा. दिवा लागला की चेहरे उजळतील. ग्रहावर शाळेचं नाव.

मी म्हटलं, सर, हे खरे तारे आहेत, मुलीने अभ्यास करून केलेत. म्हणे, "तुम्ही फारच शास्त्रीय बोलता बुवा." विज्ञानाच्या शिक्षिकेला!

शीतल फोटो लावेना. "ह्यांचा काय संबंध, मॅडम?" डिंकाची बाटली घेतली आणि मीच लावले. दोन दिवसांचा प्रश्न, म्हणून मनाची समजूत घातली. हाताला तो डिंक अजून लागलेला आहे. दोनदा धुतला.

शनि., १३ डिसें.

धा. चा पी.ए. तयारी बघायला आला. हँडल फिरवून बघितलं आणि पडला चेहरा. "हे काय? थोरले साहेब जाग्यावर, आन् आमचे साहेब त्यांच्याभवती गरागरा?"

मी सांगितलं, जाग्यावर कुणीच नाही, दोघंही फिरताहेत, पिवळ्याचं रिंगण लहान आहे इतकंच. वस्तुमान वगैरे बोलले. तो मु. अ. कडे बघत राहिला. मु. अ. घामाने डबडबले.

हुकूम : बेअरिंग पट्टीच्या बरोबर मध्ये. दोन्ही साहेब समान अंतरावर.

शीतल : "मॅडम, असं केलं तर तोल जाईल. जोरात फिरवलं तर आपटंल." माझ्याकडे बघत होती, मु. अ. कडे नाही. मी म्हटलं, "उद्घाटनापुरतं कर. हळू फिरवायला सांगू." पाना उचलला तिनं.

सव्वीस वर्षांत किती वेळा 'तेवढ्यापुरतं' म्हटलं असेन. स्वतःचाच वीट येतो कधी कधी.

गुरु., १८ डिसें.

लिहून टाकते.

साडेदहाची वेळ. साहेब आले सव्वाबाराला, दोन फाटकांतून, दोन गाड्यांतून. मुलं उन्हात बसलेली. फेटे झाले, शाली झाल्या. सकाळी मु. अ. नी शिपाईमामांना सांगितलं होतं, "सगळ्या फोटोंना हार घाला." त्यांना म्हणायचं होतं सरस्वती आणि संस्थापक. संस्थापक म्हणजे दोघा भावांचे वडील, वारून बरीच वर्षं झाली. मामांनी सांगितल्याप्रमाणे केलं. सगळ्या फोटोंना घातले. वडिलांना घातला तसलाच चंदनाचा हार पिवळ्या सूर्यावर थो. ला आणि लाल सूर्यावर धा. ला. वर उदबत्तीही लावली.

मी पाहिलं तेव्हा दोघं टेबलासमोर उभे होते. धा. चा हात आपोआप छातीकडे गेला. कुणी काही बोलायच्या आत मु. अ. नी माईकवरून सांगितलं, "आता दोन्ही साहेबांच्या शुभहस्ते!" हँडलवर दोघांनी एकदमच हात ठेवले. कुणी मागे घेईना. मग काय, जोरच लागला. पट्टी दोन फेरे नीट गेली, तिसऱ्याला डुगडुगली, कडकन आवाज झाला आणि पिवळा सूर्य फोटो-हारासकट सुटून धा. च्या बुटाशी जाऊन पडला. उताणा, पेटलेला.

थो. धाकट्याच्या पायाशी.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बहुतेक मीच.

थो. मु. अ. ना म्हणाले, "मुद्दाम केलंय हे." धा. ही मु. अ. नाच म्हणाले, "आन् मला जित्तेपणी हार घातला, ते?" एकमेकांकडे तेव्हाही बघितलं नाही. दोन फाटकांतून गेले.

शीतल टेबलाखाली शिरून नट गोळा करत होती. तिच्याशी कुणीच काही बोललं नाही. मीसुद्धा.

शुक्र., १९ डिसें.

सकाळी सातला शाळेत पोचले तर बापलेक आधीच हजर. वडिलांनी बेअरिंग जुन्या जागी नेऊन बसवलेलं, दिवा तारेनं बांधलेला. फोटो खरवडून काढलेले. पट्टी फिरवून बघितली, पाण्यासारखी फिरली.

दिवसभर त्या टेबलाशी गर्दी. (कालचा प्रताप ऐकून आले असणार, पण आले.) एका आजीने विचारलं, "मंग तिथं दिवस मावळतो कवा? एक बुडला तरी दुसरा हायेच की." शीतलने सांगितलं, हे दोन सूर्य आभाळात कायम जवळजवळ दिसतात, म्हणून मावळतातही मागोमाग. कधी मोठा आधी, कधी बारका आधी. आजी म्हणाली, "लई ग्वाड." परीक्षकांत संगमनेरच्या कॉलेजातल्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, इतक्या लांबचा ग्रह दिसला कसा? शीतल : "ग्रह न्हाई दिसला. ताऱ्यांचा उजेड मधनंच जरासा कमी व्हायचा. ते एकमेकांच्या आड आले म्हनून कमी व्हायचा ते येगळं. त्यातनं उरलं ते ग्रहामुळं." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नुसतं ऐकलं.

पहिला नंबर. मला एकदम रडू आलं. ज्वालामुखीच्या आडोशाला जाऊन डोळे पुसले.

सोम., २२ डिसें.

जिल्ह्याच्या फॉर्मवर मु. अ. ची सही आणि शिक्का लागतो. शुक्रवारी शेवटची तारीख. फॉर्म घेऊन गेले तर त्यांनी ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला. खुलासा. टाइप करून तयार. 'सदर विद्यार्थिनीने कोणासही न विचारता मा. अध्यक्ष व मा. सचिव यांचे फोटो लावून त्यांस हार घातले व यंत्राची जोडणी सदोष ठेवली.' खाली माझं नाव, सहीला जागा. शिवाय शीतलने दोन्ही बंगल्यांवर जाऊन माफी मागायची. मग फॉर्मवर सही.

"लहान मुलगी आहे, तिला कोण काय करणार? आपली नोकरी आहे, मॅडम." 'आपली' म्हणताना घसा खाकरला.

त्या माणसाच्या टेबलावर पेढ्यांचा बॉक्स होता. पुढे केला. मला शब्दशः ओकारी आली, तोंडावर पदर धरून बाहेर आले.

मंगळ., २३ डिसें.

शीतलला सांगावं लागलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पन फोटो मी लावलेच न्हाईत. तुमी लावले."

आवाजात राग नव्हता. तिनं फक्त जे झालं ते सांगितलं.

मधल्या सुट्टीत वडील आले, बाजारातून तसेच, अंगाला कांद्याची फोलं चिकटलेली. "मॅडम, मीच लावले म्हनून लिवा. मी अडानी मानूस, मला काय कळतंय? माजं काय घेनार हायेत ते? पोरगीला दुर्बीन बघू द्या." पुढे म्हणाले, "तुमाला बी त्रास नको."

म्हणजे या माणसालाही दिसत होतं की मी घाबरले आहे. खोटं बोलायची तयारी तो माझ्यासाठीही करून आला होता. मु. अ. ची किळस येते ती येतेच, पण आज स्वतःची जी आली ती तिच्यापेक्षा घाण होती.

बुध., २४ डिसें.

टाइप केलेला कागद फाडला. हाताने लिहिला : फोटो मी लावले. मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून लावले. बेअरिंग हलवायला मीच सांगितलं, तेही त्यांच्याच सांगण्यावरून. तोल जाईल असं विद्यार्थिनीने आधीच सांगितलं होतं. तिचा काही दोष नाही. सही. तीन प्रती. एक मु. अ., एक थो., एक धा.

लिहायला दहा मिनिटं लागली. चौदा दिवस आधी नुसतं 'नाही' म्हणायला तेवढीही लागली नसती.

मु. अ. वाचून पांढराफटक. "मॅडम, तुम्ही मला मारलंत." फॉर्मबद्दल विचारलं तर "बघू."

शुक्र., २६ डिसें.

सकाळी माझ्या बदलीचा आदेश. संस्थेची पाथर्डीच्या पलीकडची शाखा, एक जानेवारीपासून. खाली अध्यक्षांची सही आणि शेजारी सचिवांची. अकरा वर्षांत एका कागदावर दोघांच्या सह्या पहिल्यांदाच. कारकून मला तो कागद दाखवताना हळहळण्याऐवजी थक्क झाला होता.

जाईन. तिथेही ज्वालामुखीच असणार.

फॉर्म अजून तसाच. साडेपाचला तालुक्याचं ऑफिस बंद होतं, नंतर घेत नाहीत. अकरा वाजल्यापासून मु. अ. च्या केबिनबाहेर बाकावर बसून हे लिहिते आहे. आतून कडी लावलेली. दोनदा ठोठावलं. "मीटिंग चालू आहे," म्हणे. आत तो एकटाच आहे, काचेतून दिसतो. शीतल तासाला बसली आहे, तिला मी वर्गाबाहेर पडू नको म्हटलंय. वडील फाटकाशी सायकल धरून उभे, फॉर्म मिळाला की तसेच तालुक्याला निघणार.

आता दीड वाजलाय. मु. अ. चा जेवणाचा डबा सकाळीच घरून आला, शिपायाच्या टेबलावर होता. मामांकडून मागून घेतला.

माझ्या मांडीवर आहे. भूक लागली की कडी काढावीच लागेल. शेजारी फॉर्म आणि पेन.