सीमेपर्यंत

रविवार संध्याकाळ, वसई

आज मुक्ताने जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या बागेतून व्हिडिओ कॉल केला. गेल्या वर्षी तिची आई तिथेच, लेकीच्या घरी वारली. मला व्हिसा वेळेत मिळाला नाही. अंत्यसंस्कार मी फोनवर पाहिले.

"बाबा, आपल्या केळीच्या वाडीची आठवण आली की आई इथे यायची," म्हणत तिने झाडीतली एक देवळासारखी लहान इमारत दाखवली. आत जर्मनीच्या शेवटच्या सम्राज्ञीला पुरलंय.

शाळेत इतकी वर्षं कैसरचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, पदत्याग शिकवला, पण तिच्याबद्दल कधी सांगितलं नाही. दोघं परागंदा होऊन हॉलंडमध्ये राहत होते, तिथेच ती वारली. तिच्या शवपेटीला मायदेशी जायची परवानगी मिळाली, त्याला नाही. तो सीमेपर्यंत आला. फक्त सीमेपर्यंत. परत फिरताना कोणाशी काही बोलला असेल का?

"आईला ही गोष्ट ठाऊक होती?" मी विचारलं.

"हो. म्हणायची, तुझ्या बाबांना इथे आणायचंय. जन्मभर शिकवलं, बघितलं काहीच नाही."

मी विचारलं, "बसायची कुठे?"

मुक्ताने फोन वळवला. झाडाखाली रिकामा बाक होता. मी नुसता बघत राहिलो. तिनेही फोन हलवला नाही.