चारशे फूट हिरवळ

१२ एप्रिल, जळगाव
ठरलं. गच्चीवर प्लॅस्टिकचं गवत टाकायचं — बाईसाठी. आईला आम्ही बाईच म्हणतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांत तिने हिरवळीवर पाय ठेवला नाही. गवतात जीव, तुडवलं की पाप. बागेत नेली तरी फरशीवरूनच चालणार. काल माझ्या मुलीला, जिनलला, विचारत होती, "मऊ लागतं का गं?" कसंतरीच झालं मला. यात जीव नाही, मग पाप कसलं?

१५ एप्रिल
गवत बसवणारा छगन माप घेऊन गेला. चारशे फूट. पंचावन्नच्या भावाने बावीस हजार. बसवायची मजुरी चार हजार आठशे. गोंद-पट्टी दोन हजार. लूट आहे नुसती! वर म्हणतो, "जाळी टाका शेठ, साडेआठ हजार. नही ते बठ्ठं तापी जाई." म्हणे सगळं तापेल. म्हटलं, प्लॅस्टिकला सावली कशाला, वाळणार आहे का ते? माझं मलाच हसू आलं. तो हसला नाही.

२० एप्रिल
बसलं. सकाळी सहाला बाईने नवकार मंत्र म्हटला आणि पाऊल टाकलं. डोळे मिटून उभी राहिली. पैसे वसूल.

२६ एप्रिल
बायको, चेलना, चिडली आज. "दुकानात, फोनवर, दारात — ज्याला त्याला अठ्ठावीस हजार आठशे सांगताय. बाईंच्या कानावर जातं." जाऊ दे की. मुलाने केलंय, चोरी नाही.

४ मे
बोदवडचे मामा जेवायला होते. जेवणं झाल्यावर वर नेलं. दुपारचा एक. आम्ही जिन्याच्या सावलीत, पायात चपला. मीच म्हटलं, "बाई, दाखव ना चालून." तीन फेऱ्या मारल्या. हसत होती.

६ मे
तळव्यांना फोड. कुणाला बोलली नाही. पाय चेपताना चेलनाला दिसले. वीस वर्षांची साखर. डॉक्टर म्हणाले, "साखरेने पाय बधिर होतात, कळलंच नसेल त्यांना. पण एवढ्या कशावर चालल्या?"

१९ मे
जखम चिघळली. ताप उतरत नाही. अॅडमिट केलं.

२७ मे
उजव्या पायाची तीन बोटं काढली. जो येतो तो म्हणतो, निदान त्यांना चटका तरी कळला नाही. तेवढंच धरून बसलोय.
दुपारी घरी येऊन गवत ओरबाडून काढलं. हात भाजले. लाज वाटते स्वतःची.

२ जून
बाई आज नीट बोलली. मीच विषय काढला, तुला कळलं नाही ना गं?
म्हणाली, "पहिल्याच पावलाला पोळलं, पारस. पण तू मामांना भाव सांगत होतास."