कंट्रोल ग्रुपमधला नवरा

क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया
३० मे १९८६

तीर्थरूप पद्मिनीमावशीस,

संजीवचा कोपरापासून नमस्कार. (साष्टांग तूर्त बाकी ठेव, वाकायला डॉक्टरांची मनाई आहे.) तुझे गुडघे, तुझा दमा आणि तुझा शेजारी या तिन्ही दुखण्यांना उतार असेल अशी आशा करतो. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तू साताऱ्याच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंस, त्यातलं एक वर्ष मला. मला पस्तीस मार्क देताना म्हणाली होतीस की या कार्ट्याच्या हातून साध्या दूर्वासुद्धा उगवायच्या नाहीत. तेव्हा मला भयंकर राग आला होता. आता क्युपर्टिनोतल्या सहा बायकांचं माझ्याबद्दल नेमकं तेच मत झालं आहे, तेव्हा तो राग मी आजच्या तारखेला मागे घेतो.

माझ्या छातीचं तुला कळलंच असेल. आईला कोणाला सांगू नकोस म्हणून बजावलं होतं, म्हणजे एव्हाना सातारा, कराड आणि कोरेगाव तिन्हीकडे बातमी पोचली असणार. मार्चमध्ये निघालं की हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. २४ जूनला, मंगळवारी, ऑपरेशन आहे. इथला डॉक्टर म्हणतो, रुटीन आहे. (त्याचं असेल. माझा पहिलाच अनुभव.) मी आपला हसतखेळत आहे. प्रश्न विनीताचा आहे. पंधरा वर्षांच्या संसारात तिनं कधी वटपौर्णिमा केली नाही. पहिल्या वर्षी मी भीत भीत विचारलं होतं, तर म्हणाली, सात जन्मांचं नंतर बघू, आधी या जन्मात ओला टॉवेल पलंगावर टाकायचं बंद कर. औषधांच्या कंपनीत केमिस्ट आहे ती, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पण ऑपरेशनची तारीख ठरली त्या संध्याकाळी ती भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली आणि वटपौर्णिमा शनिवारी, २१ तारखेला, करायची असं तिनं जाहीर केलं. (आमच्याकडे सगळ्या तिथ्या वीकेंडलाच येतात.) इथल्या बायका पुठ्ठ्यावर स्केचपेननं वड काढतात आणि त्याला दोरा गुंडाळतात. विनीताला पुठ्ठा नको होता. तोडून आणलेली फांदीही नको, ती दोन दिवसांत सुकते, मला सुकणारं काही चालणार नाही, म्हणाली. मुळं असलेलंच झाड हवं. हे बोलताना तिचा आवाज असा काही झाला की मी टॉवेल उचलून दोरीवर टाकून आलो.

आता वड आणायचा कुठून? तर आमचा मित्र प्रसन्न कामासाठी लॉस एंजेलिसला गेला होता, तिथल्या एका बागेत त्याला अवाढव्य झाड दिसलं. प्रसन्नचं वनस्पतिशास्त्र माझ्याही खालचं, ज्याच्या सावलीत चार गाड्या उभ्या राहतात तो वड, एवढंच त्याला माहीत. त्याची बायको शैला पहारा देत उभी राहिली आणि यानं खिशातल्या चाकूनं सहा काड्या कापल्या. सहा का? कारण एव्हाना सगळ्याजणींना मुळंवालाच वड हवा झाला होता. काड्या रुजवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी रजेवर घरी बसलोय आणि माझी मावशी प्रोफेसर आहे. (तुझ्या नावानं मी या देशात काय काय मिरवतो ते तुला कळलं तर पेन्शन वाढवून मागशील.) मी थर्मोकोलचे सहा कप घेतले, त्यात ते साबुदाण्यासारखं दिसणारं पर्लाइट भरलं, एकेक काडी खोचली, वरून प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या, आणि काड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक कपावर चिकटपट्टी लावून त्या त्या नवऱ्याचं नाव लिहिलं. तिथेच चुकलं. काडी होती तोवर ठीक होतं, तिला नाव मिळालं आणि घराचा दवाखाना झाला.

त्यात आमची रेखा. चौदा वर्षांची आहे, मराठी समजतं पण उत्तर अर्धं इंग्लिशमध्ये येतं. तिला शाळेच्या सायन्स प्रोजेक्टला विषय हवाच होता. लायब्ररीतून पुस्तक आणून तिनं मला सुनावलं की डॅड, नुसतं पाण्यानं काही होणार नाही, मुळं फुटायला हॉर्मोन लागतं. मग तिनं वाटणी केली. प्रतापला, म्हणजे त्याच्या नावाच्या काडीला, नर्सरीतून विकत आणलेली रूटिंग पावडर. (डबीवर हातमोजे घालून वापरा असं लिहिलंय. आत कुठलं ॲसिड आहे ते विनीतानं भिंगातून वाचलं आणि मान डोलावली.) दिगंबरला विलो नावाच्या इथल्या झाडाच्या कोवळ्या फांद्या भिजवलेलं पाणी, त्यात म्हणे ते हॉर्मोन निसर्गतःच असतं. प्रसन्नला मध. प्रल्हादला दालचिनीची पूड, आपली मसाल्याच्या डब्यातली. शैलेंद्रला ॲस्पिरिन विरघळवून, तीही माझ्या औषधांतली, म्हणजे माझ्या छातीच्या वाटणीची गोळी त्यानं खाल्ली. आणि संजीवला काय? संजीवला काहीच नाही. प्रयोगात एकाला काहीच द्यायचं नसतं, म्हणजे बाकीच्यांची तुलना करता येते, त्याला कंट्रोल म्हणतात. मीच का म्हणून विचारलं तर म्हणाली, 'बाकीचे अंकल लोक तक्रार करतील डॅड, यू वोन्ट.' बापाला इतकं अचूक ओळखणारी पोर पाहून मला अभिमान वाटला आणि मी गप्प बसलो.

पुढचे सहा आठवडे आमचा फोन कधी मोकळा राहिला नाही. बायका रोज विचारणार, आमच्या ह्यांना काही फुटलं का? मी रिपोर्ट देणार. प्रसन्नला मुंग्या लागल्यात. शैलेंद्र बुडाकडून काळा पडतोय. प्रल्हादची काही हालचाल नाही, पण वास फार छान येतो. (त्याची बायको म्हणाली, घरीही असंच असतं.) दिगंबरला दोन पांढरे कोंब दिसतायत. आणि प्रताप! पावडरीचा प्रताप असा काही माजला की कपाच्या बुडाला भोक पाडून मुळं बाहेर आली. खरा प्रताप तू पाहिला नाहीस ते बरं आहे. कंपनीचं सॉफ्टवेअर विकत हिंडतो आणि आठ वर्षांत मी त्याच्या तोंडून स्वतःशिवाय दुसऱ्या कोणाची स्तुती ऐकलेली नाही. त्याची बायको सुनेत्रा त्याला मुळांच्या बातम्या द्यायची, आणि तो पार्टीत हातात ग्लास घेऊन सांगायचा की संजीव यार, आपलं काय, आपण मुळातच स्ट्राँग. इकडे माझी काडी होती तशीच होती.

तोवर कंट्रोलची भानगड विनीताला माहीत नव्हती. एके दिवशी फ्रिजवर चिकटवलेला रेखाचा तक्ता तिनं नीट वाचला. मावशी, मी तुझं आणि आजीचं भांडण ऐकलेलं आहे, पण हे त्याच्या वरचं होतं. सगळ्या जगाच्या नवऱ्यांना औषध आणि माझ्याच नवऱ्याला पाणी? त्यावर रेखा ओरडली, 'मॉम, इट्स जस्ट अ स्टिक!' आणि खोलीचं दार आपटून आत गेली. पण त्याच संध्याकाळी ती गुपचूप खाली आली आणि माझ्या काडीला मध, दालचिनी, ॲस्पिरिन आणि विलोचं पाणी असं सगळं एकदम घातलं. वर पावडरही भुरभुरली. स्वतःच्या प्रयोगाचं वाटोळं केलं पोरीनं. मी जिन्यावरून पाहिलं. काडीला त्याचा काही उपयोग झाला नाही, उलट बुरशी आली.

मुळं का फुटत नव्हती ते मला गेल्या आठवड्यात कळलं. सकाळी लवकर जाग आली, स्वयंपाकघरात गेलो, तर विनीता सिंकपाशी उभी. हातात माझी काडी. उपटलेली. ती रोज ऑफिसला जायच्या आधी ती काडी उपटून, नळाखाली धुऊन, उजेडात धरून मुळं आली का ते बघत होती आणि परत खोचून ठेवत होती. सहा आठवडे, रोज. कुठली काडी रुजेल अशानं? हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं, पस्तीस मार्कवाल्यालासुद्धा कळतं, आणि बाई केमिस्ट आहे! मी थट्टा करायला तोंड उघडलं, पण तिच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं आणि तसाच मागे फिरलो. आयुष्यात पहिल्यांदा मी एक विनोद गिळला, तो अजून पचलेला नाही.

ती कामावर गेली आणि मी पाप केलं. प्रतापची पट्टी काढून माझ्या कपाला लावली, माझी त्याच्या. (स्वतःला एवढी मुळं फुटलेली बघून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?) दुसऱ्या दिवशी सकाळी घरात जी किंकाळी उठली ती ऐकून रेखा धावत खाली आली. विनीता हसत होती, रडत होती, शैलाला फोन लावत होती. मार्चनंतर पहिल्यांदा तिनं खुर्चीवर बसून नाश्ता केला. आता हे परत कसं फिरवायचं, तूच सांग. तिकडे सुनेत्राचे फोन चालूच. प्रताप जरा विश्रांती घेतोय, असं मी चार दिवस सांगितलं. शेवटी काल प्रताप स्वतःच स्वतःला बघायला आला. मी त्याला गॅरेजमध्ये नेलं आणि सगळं सांगून टाकलं. त्यानं ती बुरसटलेली काडी उचलून उलटीसुलटी केली. मग म्हणाला, 'ठेव यार. मला काय धाड भरलीय?' आणि काडी घेऊन घरी गेला. सुनेत्राला त्यानं सांगितलं की गाडीत माझ्याच हातून काडीवर गरम कॉफी सांडली. ती कालपासून त्याच्याशी बोलत नाहीये. आठ वर्षं हा माणूस मला सहन होत नव्हता. आता तो आवडून घ्यावा लागणार, हा आणखी एक मनस्ताप.

झालं, मिटलं, असं म्हणतोय तोच आज सकाळी प्रसन्नची आई रमाबाई आल्या. सहा महिन्यांसाठी आल्यात, सगळ्यांच्या घरी जाऊन सगळ्यांच्या चुका सांगतात. रेखानं पुस्तकात वाचून काड्यांची पानं सुरुवातीलाच अर्धी कापली होती, त्यामुळे झाडाचं मूळ रूप कोणी धड पाहिलंच नव्हतं. आता माझ्या (म्हणजे प्रतापच्या) काडीला नवी पानं आली आहेत. रमाबाईंनी एक उलटून पाहिलं. पाठ तांबूस, गंजल्यासारखी. म्हणाल्या, हा कुठला वड? आमच्या दारचा वड असला नव्हता. सुदैवानं विनीता ऑफिसात होती. मी रमाबाईंना चहा दिला, वर दोन चकल्या दिल्या आणि हा अमेरिकन वड आहे, इथल्या हवेनं रंग धरतो, असं सांगून दारापर्यंत पोचवलं. त्यांना पटलेलं दिसलं नाही.

असो. फार लांबलं. काकांना नमस्कार सांग, गुडघ्यांना तेल लाव, शेजाऱ्याला मात्र काही लावू नकोस.

तुझा नापीक भाचा,
संजीव

ता. क. नव्या पानांपैकी एक वहीत दाबून सोबत पाठवतोय. पत्राचं खरं कारण हेच, वरचं सगळं तुझी करमणूक. हा वड आहे की नाही ते तू बघता क्षणी ओळखशील, पण मला खरं कळवू नकोस. विनीताच्या नावे वेगळं पत्र टाक आणि त्यात तुझ्या प्रोफेसरी भाषेत, लॅटिन नावासकट, ठणकावून लिही की हा वडच आहे. २१ तारखेच्या आत पोचायला हवं. तू आयुष्यात कधी कोणाला फुकट मार्क दिले नाहीस, मला ठाऊक आहे. एवढे एकदा दे.

ता. क. २. मला भीती वाटते गं मावशी. घरात कोणाला सांगितलेलं नाही. पाकीट नीट चिकटवून विनीताकडेच टाकायला देतोय, तिच्या ऑफिसचं टपाल लवकर निघतं.

ता. क. ३. ती. मावशींना विनीताचा सा. न. पाकीट मी लॅबमध्ये वाफेवर उघडलं, क्षमा असावी. रूटिंग पावडरीत टाल्क असतं, ते काडीच्या कापलेल्या टोकाला पापुद्र्यासारखं चिकटून राहतं. जिच्या सालीवर मी सहा आठवडे बोट फिरवलं ती काडी मी ओळखणार नाही, असं ह्यांना कसं वाटलं कोण जाणे. तो प्रताप आहे हे मला त्याच सकाळी कळलं. ओरडले ते ह्यांनी हे असलं काहीतरी माझ्यासाठी केलं म्हणून. आणि हा वड नाही, हे तर मी पहिल्याच आठवड्यात लायब्ररीतल्या पुस्तकात पाहिलं होतं. मी त्याला फेरे मारणारच आहे, माझं अडत नाही. पण मी कामावर गेले की हे रोज त्या कपापाशी जातात आणि हळूच 'बाबा रे, धरून राहा' म्हणतात. रेखानं दोनदा ऐकलंय. तेव्हा मावशी, मला नाही लिहिलंत तरी चालेल. ह्यांना मात्र लिहा की वडच आहे.