म्हाताऱ्या लांडग्याचा प्रसंग

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले, उत्तराला उशीर झाला. भावोजींची पाठ आता कशी आहे? त्यांना म्हणावं, जड उचलायची खुमखुमी आता पुरे. इकडे बाबांच्या गालावर खपली धरली आहे. डॉक्टर म्हणतात, एक्याऐंशीव्या वर्षी कातडी भरून यायला वेळ लागणारच. जेवतात थोडंथोडं.

बाबांच्या जुन्या लांडग्याच्या सिनेमावरून मी करत होतो तो सिनेमा पुरा झाला. शुक्रवारी लागतोय.

‘गाडलेलं मढं कशाला उकरतोस, आजची पोरं तो केसाळ लांडगा पाहून हसतील,’ असं तू सुरुवातीलाच लिहिलं होतंस. निर्मात्याचंही तेच म्हणणं. बाबांच्या वेळी माणसाचा लांडगा करायला चेहऱ्यावर एकेक झुबका डिंकाने चिकटवावा लागे, आता ते सगळं कॉम्प्युटरवर होतं. मी मान डोलावली. फक्त शेवटचा एक प्रसंग हट्टाने ठेवला. लांडगा म्हातारा झालाय आणि आपण माणूस की जनावर, हेच त्याला आठवत नाही. तो बाबांनी करायचा, जुन्याच पद्धतीने.

त्यांना यात ओढू नकोस, असं तू फोनवर बजावलंस. मी बरं म्हणालो.

ताई, बाबा न्हाणीघरात पडले नाहीत. मी तुला खोटं सांगितलं.

सकाळी नऊला मी त्यांना स्टुडिओत नेलं. खुर्चीत बसले आणि कळीच खुलली. रंगभूषा करणाऱ्या बाई चार तास केस लावत होत्या आणि बाबा त्यांनाच शिकवत होते, हनुवटीपासून वर चढत जा म्हणून. आई त्या दिवसांत दारातच अडवायची म्हणे, दाढी करून या, मगच घरात घेईन. बाई हसत होत्या. मग बाबांनी मला नावाने हाक मारली. कित्येक महिन्यांनी. मला वाटलं, बघ, ताईचं चुकलं.

प्रसंग एवढाच होता. आरशापुढे यायचं, बघायचं, निघून जायचं. ते आले, बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “हा कोण?”

मला वाटलं, त्यांना आयत्या वेळी वाक्य सुचलं. मग त्यांनी गालाला हात लावला आणि केस उपटायला लागले. डिंक पक्का होता, ताई, आणि त्यांची कातडी कागदासारखी. बाई धावल्या, तर मी हात आडवा घालून त्यांना थांबवलं. कॅमेरावाल्याने माझ्याकडे पाहिलं. ‘कट’ एवढंच म्हणायचं होतं. दिवसातून शंभरदा म्हणतो मी ते.

“माझ्या मुलाला बोलवा कुणीतरी,” बाबा म्हणत होते. “तो सोडवेल मला.”

मी त्यांच्यापासून चार हातांच्या अंतरावर उभा होतो.

अडीच मिनिटं चाललं हे. शेवटी कॅमेरावाल्यानेच कॅमेरा बंद केला.

निवडक लोकांना सिनेमा दाखवला तेव्हा त्या प्रसंगानंतर कुणी जागचं हललं नाही, मग सगळे उभे राहिले. निर्मात्याने मला मिठी मारली. असा अभिनय उभ्या जन्मात पाहिला नाही म्हणाला. तो अभिनय नव्हता, हे मी त्याला सांगितलं नाही. प्रसंग काढायचा अधिकार सोमवारपर्यंत माझ्या हातात होता. संकलन करणारी मुलगी दोनदा म्हणाली, सर, काढूया. मी नाही काढला. आता सिनेमा सगळ्या थिएटरांत पोचलाय.

बाबा मला जवळ येऊ देत नाहीत. मी दिसलो की दोन्ही हातांनी तोंड झाकतात. शेजारच्या काकू भरवतात. मी दाराबाहेर बसून ऐकतो, घास गिळला की नाही ते. खुर्चीतल्या त्या हाकेनंतर माझं नाव त्यांच्या तोंडून आलेलं नाही. तुझं मात्र येतं, रोज.

ये आणि त्यांना घेऊन जा. मी कपडे, औषधं बांधून ठेवतो. तू यायच्या वेळी घरात थांबणार नाही, म्हणजे तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही. सिनेमा पाहू नकोस. लोक सांगतील, चांगला झालाय. झालाय, ताई.

खाली ‘लोभ असावा’ लिहायची रीत आहे. हात धजत नाही.

तुझा भाऊ